आधी कासव, मग गाळ

बारक्यानं कासव हळूच पाण्याच्या टिपाडात सोडलं आणि ते दगडासारखं तळाला गेलं.

त्यानं वाट बघितली. कासव खाली जातं, मग पाय मारत वर येतं, नाकाचं टोक पाण्याबाहेर काढतं आणि परत बुडतं, हे त्यानं आयुष्यभर बघितलेलं. हे आलंच नाही. तळाला बसून नुसतं पाय आपटत राहिलं. बारक्यानं कोपरापर्यंत हात घालून ते काढलं, तोंडासमोर धरलं, पाणी झटकलं आणि म्हणाला, "लय अशक्त झालास रं." मग टिपाडात दोन विटा टाकल्या, त्याला उभं राहता यावं म्हणून, आणि परत सोडलं.

ही चूक दुसऱ्या कुणी केली असती तर नवल नव्हतं. पण केली बारक्यानं, ज्याला जामसरपासून साखरशेतपर्यंत लोक कासववाला म्हणतात.

आमच्याकडं विहिरीत कासव सोडतात. ते किडे खातं, पडलेला पाला कुरतडतं, पाणी साफ राहतं. विहीर उन्हाळ्यात उपसायची तर आत माणूस उतरवावा लागतो, आणि तो माणूस म्हणजे बारक्या. दोर धरून उतरायचा, छातीभर गाळात उभा राहायचा आणि फावडं हातात घ्यायच्या आधी पायानं कासव शोधायचा. डोळे मिटून. वरचे लोक बोंबलायचे, अरे लवकर कर, ऊन चढलं. हा खालून एकच सांगायचा, आधी कासव, मग गाळ. फावड्याचा एक घाव पाठीवर बसला की कासव गेलं, आणि हे लोकांना गाळ वर आल्यावर कळतं. बारक्याच्या फावड्याखाली एकही कासव गेलं नाही. सापडलं की बादलीत घालून वर पाठवायचा, टिपाडात ठेवायला लावायचा, आणि विहीर साफ झाली की स्वतःच्या हातानं परत सोडायचा. तेवढं झाल्याशिवाय जेवायला बसायचा नाही.

मग नळ आले. नळाला पाणी कधी येतं, कधी येत नाही, ते सोडा. पण विहिरी उपसायचं लोकांनी बंद केलं. कुणी वर लोखंडी जाळी ठोकली, कुणी कचरा टाकायला घेतली. गेल्या उन्हाळ्यात बारक्याला दोन विहिरींवर बोलावणं आलं. त्याची बायको काळी जाऊन सहा पावसाळे झाले होते. एकच पोरगी, प्रेमा, नवऱ्याबरोबर भिवंडीकडं वीटभट्टीवर. दिवाळी झाली की पाडा तसाही रिकामा होतो, चौदा घरांच्या कड्या तारेनं बांधलेल्या. मागं राहतात कोंबड्या आणि म्हातारे. या वर्षी म्हातारे दोनच राहिले, बारक्या आणि समोरची पोशी डोकरी. आणि पोशीला ऐकू येत नाही.

अशा वेळी ऋत्विक आला, मोटरसायकलवर, मागं खोका बांधून. ऋत्विक म्हणजे जव्हारमधल्या पुष्पावतीबाईंच्या शेजारचा पोरगा. त्यानं गाडी बंदसुद्धा केली नाही. एक पाय टेकवून खोका उतरवला आणि सांगितलं की बाईंनी दिलंय, मामलेदार आहे, आजारी आहे, सांभाळायला सांगितलंय. बाई डोळ्याच्या ऑपरेशनला मुलाकडे, सौरभदादाकडे नाशिकला चालल्यात. खोक्यात कागद आहे. एवढं म्हणून गाडी वळवली. बारक्याला विचारायचं होतं की बाई कधी येणार, पण तोपर्यंत नुसती धूळ राहिली होती.

पुष्पावतीबाई म्हणजे नर्सबाई. तीस वर्षं सरकारी दवाखान्यात होत्या, पाड्यापाड्यात पायी फिरल्या. प्रेमाच्या वेळी काळी दोन दिवस अडली होती, ओढ्याला पूर होता, तेव्हा बाई कमरेएवढ्या पाण्यातनं दुसऱ्या बायकांचा हात धरून पलीकडं आल्या होत्या. काळी वाचली, पोरगी वाचली. बारक्या तेव्हापासून दर उन्हाळ्यात बाईंच्या परसातली विहीर उपसून द्यायचा, आणि बाईंनी कितीही म्हटलं तरी एक चहा सोडून काही घ्यायचा नाही. त्या घरात त्यानं हे कासव कधी बघितलं नव्हतं. त्याचं येणं परसदारी, आणि मामलेदार पुढच्या खोलीत राहायचा. नाव बाईंच्या नवऱ्यानं ठेवलेलं. ते तहसील कचेरीत कारकून होते. म्हणायचे, मान वर करून बघतो, सगळं ऐकून घेतो आणि जागचा हलत नाही.

खोक्यातला कागद बारक्यानं उलटसुलट करून बघितला. एका बाजूला निळ्या शाईनं भरगच्च लिहिलेलं. दुसऱ्या बाजूला छापील रकाने आणि खाली जांभळा गोल शिक्का. शिक्का बघून त्याला सगळं कळलं असं वाटलं. कासव पाळायला बंदी आहे, फॉरेस्टवाले उचलून नेतात, हे त्याला ठाऊक होतं. म्हणजे बाईंनी कासवाचा परवाना काढून ठेवलाय आणि बरोबर पाठवलाय. बाई आहेतच तशा. त्यानं कागद प्लास्टिकच्या पिशवीत घातला, ट्रंक उघडली आणि रेशनकार्डाच्या खाली, आधारकार्डाच्या वर, अगदी जपून ठेवला. फॉरेस्टवाला आलाच तर दाखवायला.

मग टिपाड भरलं.

तीन दिवस मामलेदार पाण्यात होता. बारक्या ओढ्यावरनं बारके मासे आणायचा, गांडुळं उकरायचा, पुढ्यात धरायचा. मामलेदार बघायचासुद्धा नाही. त्यात आमची जव्हारची थंडी. चौथ्या सकाळी बारक्यानं पाहिलं, त्याच्या नाकातनं फेस येतोय. मान लांब काढून तोंड उघडतोय, मिटतोय, आणि आतनं बारीक शिट्टीसारखा आवाज. पोशी डोकरी तिच्या ओट्यावरनं बघत होती. तिला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, त्यामुळं ती सगळं ओरडूनच बोलते. "मेला काय रं तुझा साहेब?"

बारक्यानं कासव बाहेर काढलं, मांडीवर घेतलं आणि पहिल्यांदा त्याचे पाय नीट बघितले. विहिरीतल्या कासवाच्या बोटांना बदकासारखी कातडी असते. याचे पाय मुसळासारखे, जाड, खाली सपाट, पुढं बोथट नखं. हे पोहायचे पाय नव्हतेच. हे चालायचे पाय. त्यानं पाठीवर हात फिरवला. बोटांना टेंगळं लागली, टेंगळांवर पिवळ्या रेघांच्या चांदण्या. आयुष्यभर गाळात पायानं कासव ओळखणारा माणूस, आणि त्यानं तीन दिवस कोरड्या जमिनीवरचं जनावर पाण्यात उभं करून ठेवलं होतं.

त्यानं कासवाचं तोंड खाली केलं. नाकातनं पाणी गळालं. किती तरी वेळ तो तसाच धरून बसला, आणि पोशी ओरडून ओरडून विचारत राहिली की काय झालं.

दुपारच्या एसटीनं तो जव्हारला गेला. मामलेदार काळीच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून, पिशवीत. आधी बाईंच्या घरी. दाराला पितळी कुलूप. मग गुरांच्या दवाखान्यात. तिथं बकऱ्यांची रांग, आणि रांगेत हा पिशवी छातीशी धरून. नंबर आला तसा डॉक्टरनं पिशवीत डोकावून बघितलं आणि पटकन पिशवीचं तोंड बंद केलं.

"हे कुठून आणलंस? यावर बंदी आहे, माहीत आहे का?"

"कागद हाय साहेब. घरी ठेवलाय ट्रंकेत."

"याचा कागद कुणाकडं नसतो बाबा."

बारक्याला वाटलं, याला काय माहीत, बाईंची ओळख कुठवर आहे. डॉक्टर तरुण होता, चिडका होता, पण मनानं वाईट नव्हता. त्यानं बारक्याला मागच्या दारानं यायला सांगितलं. तिथं कासवाचा श्वास ऐकला, पुढच्या पायात बारीक सुई टोचली. पाण्यात ठेवलं होतंस का, म्हणून विचारलं. बारक्या हो म्हणाला. त्याच्या तोंडून हे निघालेलं ऐकणारा तेवढा एकच माणूस. डॉक्टर म्हणाला, फुप्फुसात गेलंय, वाचेल असं सांगत नाही. कोरडं ठेव, ऊब दे. दिवसातनं एकदा कोमट पाण्यात बसव, पण नाक बुडेल इतकं नको. पाला दे, मासे कसले देतोस. दर तीन दिवसांनी सुईला आण, मागच्या दारानं. आणि मी हे जनावर बघितलेलं नाही.

त्यानंतर बारक्याला एकच काम उरलं. कोंबडीचं डालगं त्यानं धुऊन घेतलं. भाताचं तूस तव्यावर गरम करायचा, फडक्यात बांधायचा, डालग्यात खाली घालायचा, वर मामलेदार. तूस निवलं की दुसरं. अंगणात ऊन आलं की डालगं उन्हात. आणि जव्हारचं ऊन थंडीत एका जागी थांबत नाही, आंब्याची सावली सरकते, कुडाची सावली सरकते. म्हणजे दिवसभर ऊन सरकलं की कासव सरकवायचं. दर तीन दिवसांनी एसटी. सहा सुया झाल्या. रस्त्याच्या कामाला माणसं गोळा करायला टेम्पो आला होता, मुकादम दारात येऊन उभा राहिला. बारक्यानं डालग्याकडं बोट दाखवलं. मुकादमाला वाटलं कोंबडी उबवायला बसलीय. तो हसत गेला आणि पुढच्या पाड्यात सांगत सुटला की जामसरचा डोकरा आता अंडी उबवतो.

प्रेमाचा फोन आठवड्यातनं एकदा यायचा. फोन लागायला बारक्याला टेकडीवर जावं लागायचं. मग पिशवीत मामलेदार घेऊन टेकडी. एकटा कसा ठेवायचा? प्रेमा चिडायची.

"बा, माणसाला कोण बघत नाय, न् तू कासवाला बघतो. कामाला का नाय गेलास?"

"बाईनं ठेवलाय माझ्याकडं."

"बाई काय मरत नाय त्याच्याबिगर."

बाई परत आल्या आणि त्यांच्या हातात मेलेलं कासव द्यावं लागलं, तर पाण्यात कुणी ठेवलं हे सांगावं लागणार होतं. बाई रागावल्या नसत्या. त्यालाच ते नको होतं. बाईंनी पूर ओलांडून त्याची दोन माणसं जिवंत हातात दिली होती, आणि त्याला एक कासव जिवंत परत द्यायला जमू नये.

आधी तो कुणाशी बोलायचाच नाही. बोलणार कुणाशी? पोशीशी ओरडून घसा बसतो. दोन-तीन दिवस तोंडातनं शब्द न निघता जायचे, आणि मग बोलायला गेलं की आवाज किरटा यायचा, दुसऱ्याच माणसाचा वाटावा असा. आता तो मामलेदाराशी बोलायला लागला. कुठल्या विहिरीत किती परस खोल पाणी, कुठल्या विहिरीत नाग निघाला, साखरशेतच्या शाळेच्या विहिरीतलं कासव दर वर्षी त्याच्या पायाच्या अंगठ्याला कसं धरायचं. काळीचं सांगायचा. काळी विहिरीच्या काठावर उभी राहायची दोर धरून. बाकीच्या गड्यांवर तिचा विश्वास नव्हता. तो आत असेपर्यंत ती दोराला हिसका द्यायची, मधनंमधनं, आणि तो खालनं उलटा हिसका द्यायचा. एवढंच. ती गेल्यावर पहिल्यांदा विहिरीत उतरला तेव्हा खालून त्यानं सवयीनं हिसका दिला होता. वरच्या माणसाला वाटलं, बादली ओढ म्हणतोय.

मामलेदाराचा फेस पौष संपता संपता थांबला. शिट्टी थांबली. पण खाईना. शेवग्याचा पाला झाला, शेवग्याची फुलं झाली, भोपळ्याच्या वेलाचे शेंडे झाले. बारक्या पुढ्यात ठेवायचा आणि स्वतः भाकरी घेऊन समोर बसायचा, तू खा, मी खातो. मामलेदार मान वर करून बघायचा, सगळं ऐकून घ्यायचा आणि जागचा हलायचा नाही. पुढं पुढं बारक्याचीही भाकरी अर्धी राहायला लागली. डॉक्टर म्हणाला, औषधाचं काम झालं, आता त्याच्या मनावर आहे.

होळीला पाच-सहा दिवस होते. मोहाची फुलं पडायला लागलेली. बारक्या सकाळी घरामागं मोह वेचत होता, टोपली एका हाताला, डालगं दुसऱ्या हाताला ठेवलेलं, तिरपं, आत ऊन जावं म्हणून. वेचता वेचता वळून बघितलं तर डालगं रिकामं. मग पाल्यात खसखस झाली. मामलेदार चालत होता. चार मुसळं एकामागनं एक टाकत, पोट जमिनीपासून चांगलं दोन बोटं वर उचलून. एका फुलापाशी थांबला. वास घेतला. तोंड उघडलं आणि खाल्लं. मग पुढचं खाल्लं. रस त्याच्या हनुवटीवरनं गळत होता.

बारक्या टोपली टाकून समोरच्या ओट्यावर धावला.

"पोशे, खाल्लं त्यानं!"

"कोण आला?" पोशी म्हणाली.

"खाल्लं! कासवानं खाल्लं!"

"कुठं हाय पाव्हणा? च्या टाकू काय?"

त्यानं हात हलवून नको सांगितलं आणि परत मोहाखाली येऊन बसला. दुसरं सांगायला पाड्यात कुणी नव्हतं. मामलेदारानं अकरा फुलं खाल्ली. पुढं होळीला माणसं आली तेव्हा चेष्टा चालली होती की बारक्याचं कासव मोह पितं, रात्री गातं. बारक्या हसायचा. असा हसलेला तो कैक दिवसांत कुणी बघितला नव्हता. दोन दिवसांनी माणसं परत गेली.

होळी झाल्यावर त्यानं खोका धुतला, वाळवला. मामलेदाराची पाठ ओल्या फडक्यानं पुसली, चांदण्या लखलखल्या. चांगला सदरा घातला आणि एसटीनं जव्हारला गेला, परत द्यायला. बाईंच्या दाराला कुलूप होतं. शेजारची किमया, ऋत्विकची वहिनी, धुणं वाळत घालत होती. ती म्हणाली, आजींनी जाताना काही सांगितलं नाही, येतील तेव्हा येतील. ऋत्विकही ठाण्याला नोकरीला लागला होता. बारक्या खोका मांडीवर घेऊन पायरीवर संध्याकाळच्या एसटीपर्यंत बसला. मग उठताना त्यानं कुलूप नीट बघितलं. आधी पितळी होतं. आता नवीन, स्टीलचं.

तो खूश होऊन परत आला. बाई येऊन गेल्या, तो पोशीला ओरडून सांगत होता. कुलूप बदललंय, म्हणजे येऊन गेल्या, आपलीच चुकामूक झाली. तेव्हापासून दर बाजाराच्या दिवशी तो जव्हारला जायला लागला. रिकाम्या हातानं, नुसतं कुलूप बघायला. कुलूप असलं की परत. मामलेदार आता सगळं अंगण फिरायचा, पोशीच्या ओट्यापर्यंत जायचा. पण बारक्यानं त्याला आपला कधी म्हटलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायचा, बाईचा हाय, चार दिवस ठेवलाय.

पावसाच्या तोंडावर भट्ट्या बंद झाल्या आणि प्रेमा आली. रेशनकार्डाची केवायसी राहिली होती. ती केली नाही तर नाव कापणार, म्हणून तिनं ट्रंक उघडली. कार्डाखाली प्लास्टिकची पिशवी निघाली. बाजाराचा दिवस होता, बारक्या कुलूप बघायला गेला होता. कसला कागद म्हणून तिनं तो माझ्याकडं वाचायला आणला, आमचं घरही भट्टीवरनं परत आलेलं. शिक्क्याची बाजू म्हणजे लसीकरणाचा जुना कोरा फॉर्म होता. परवाना बिरवाना काही नाही. खरं ते दुसऱ्या बाजूला होतं, आणि अक्षर इतकं सुवाच्य की सातवीत शाळा सोडलेल्यालाही अडखळायला होऊ नये.

"बारक्या, याला पाण्यात ठेवू नकोस, हा जमिनीवरचा आहे. थंडीत याचं नाक गळतं, ऊब दे. फुलं आवडीनं खातो. ऑपरेशनचं मी गल्लीत उगाच सांगितलंय. मी सौरभकडे कायमची चालले. घर विकलं. तिथं चौथ्या मजल्यावर याला ऊन मिळणार नाही. मी परत येणार नाही, वाट बघू नकोस. मामलेदार आता तुझा. काळी गेल्यापासून तू माझ्याकडं चहा प्यायलासुद्धा टेकत नाहीस, म्हणून तुलाच देते. तुला वाचता येत नाही, मला माहीत आहे. ऋत्विकला सांगितलंय, हे सगळं तुला दोनदा वाचून दाखवल्याशिवाय तिथून हलू नकोस."